गोबेलचा खून झाला हे खरं, पण १८९९ ची केंटकीची निवडणूक टेलरच जिंकला होता

कृष्णाकाठ

परवा तिसरी_पाळी यांनी लिहिलेलं वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विल्यम गोबेल हा केंटकीच्या जनतेनं निवडून दिलेला गव्हर्नर, लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेनं पैसा ओतून त्याचा विजय लुटला, आणि तरीही तो खुर्चीपर्यंत पोचतोय म्हटल्यावर त्याला गोळी घातली. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

खुनाबद्दल वाद नाहीच. ३० जानेवारी १९०० ला केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्टमध्ये, विधानभवनाच्या आवारात भर दिवसा माणसाला खिडकीतून टिपलं, नीच काम होतं ते. पदावर असताना मारेकऱ्याच्या गोळीनं मेलेला अमेरिकेतल्या राज्याचा तो आजवरचा एकमेव गव्हर्नर.

पण "जनतेनं निवडून दिलेला" हे कुठून काढलं? रिपब्लिकन उमेदवार टेलर १,९३,७१४ मतं, डेमोक्रॅट गोबेल १,९१,३३१. फरक २,३८३ मतांचा. आणि हा निकाल रेल्वेच्या हापिसात लागला नाही, गोबेलनं स्वतः आणलेल्या कायद्यानं बसलेल्या मंडळानं दिला. १८९८ चा तो कायदा म्हणजे राज्याचं तीन जणांचं निवडणूक मंडळ, ते नेमणार विधिमंडळ, विधिमंडळ गोबेलच्या डेमोक्रॅट पक्षाच्या हातात, आणि तेच तिघं पुढं प्रत्येक काउंटीतली माणसं नेमणार. रिपब्लिकन गव्हर्नर ब्रॅडलीनं व्हेटो केला तर ह्यांनी तो मोडून कायदा पास केला. आणि पुढच्याच वर्षी ह्या कायद्याचा कर्ता स्वतःच उमेदवार! स्वतःचे पंच नेमून खेळायला उतरला, तरी त्या पंचांनीच २ विरुद्ध १ असा टेलरच्या बाजूनं निकाल दिला. तिघंही डेमोक्रॅट होते हे लक्षात घ्या.

मग गोबेलची माणसं निकालाविरुद्ध विधिमंडळात गेली. वाद तपासायला चिठ्ठ्या टाकून ११ जणांची समिती काढली, त्यात रिपब्लिकन किती निघाले? एक. एवढा योग मला तरी पटत नाही.

आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या निवडणुकीत मी हे जवळून बघितलंय. मतदानाच्या आधी यादी लागली तर माझ्या वडिलांचं नाव थकबाकीदारांत. ऊस त्याच कारखान्याला घातलेला, पावत्या घरात फायलीत लावलेल्या, बाकी एक रुपया नाही. दाद कुणाकडं मागायची, तर ज्यांनी यादी केली त्यांच्याचकडं. म्हातारा माणूस पावत्यांची पिशवी घेऊन बाकावर बसून राहायचा. त्यामुळं यंत्रणा आपल्या हातात घेणारा माणूस लोकनेता म्हणून कुणी समोर ठेवला की माझं डोकं फिरतं.

तिसरी_पाळी

कृष्णाकाठ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण तुमच्या कारखान्याचा राग गोबेलवर काढू नका.

तुम्ही एल अँड एन, म्हणजे लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे, हे नाव एकदा घेतलं आणि पुढं सरकलात. अहो ती कंपनी म्हणजे त्या काळचं केंटकी होतं. माल न्यायचा तर त्यांची गाडी, भाडं ते ठरवणार, शेतकऱ्यानं कुठं जायचं? आमदारांना फुकट पास वाटलेले. मालवाहतुकीच्या भाड्यावर लगाम घालणारं बिल १८९८ मध्ये पास झालं, ते ब्रॅडलीनं व्हेटोनं पाडलं, हे का नाही लिहिलंत? त्या कंपनीला उघड अंगावर घेणारा माणूस एकच होता, आणि तो निवडून येऊ नये म्हणून कंपनीनं पाण्यासारखा पैसा सोडला.

आणि मतदानाच्या दिवशी लुइव्हिलमध्ये ब्रॅडलीनं मिलिशिया उतरवली होती. बंदूकवाले शिपाई शहरात फिरतायत आणि तुम्ही २,३८३ चा फरक देवाच्या तोंडचा शब्द असल्यासारखा सांगता. तुमच्या लाडक्या मंडळानं काय म्हटलं तेही पूर्ण सांगा की. त्यांनी म्हटलं आम्ही कोर्ट नाही, आम्हाला आलेले आकडे बेरीज करायचा अधिकार, गैरप्रकार तपासायचा नाही. म्हणजे गैरप्रकार झालाच नाही असं कुणीही म्हटलेलं नाही.

माझे वडील गिरणीत होते, १९८२ चा संप आमच्या घरानं भोगलाय. कंपनी मोठी झाली की कायदा, पोलीस, पेपर सगळे तिच्या दारात कसे उभे राहतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आज त्या जागेवर काचेचे टॉवर आहेत आणि आमच्यातल्या कित्येकांना देणी मिळाली नाहीत.

साधा_वकील

दोघंही मुद्दा सोडून बोलताय. गव्हर्नरच्या निवडणुकीचा वाद कुणी सोडवायचा हे केंटकीच्या १८९१ च्या घटनेत स्पष्ट आहे, कलम ९०, विधिमंडळाची दोन्ही सभागृहं. म्हणजे विधिमंडळात जाणं ही चोरवाट नव्हती, एकमेव वाट होती. टेलर कोर्टात गेला, राज्यातही हरला आणि मे १९०० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातही. कोर्ट म्हणालं निवडून मिळालेलं पद ही मालमत्ता नाही, राज्यानं आपल्या घटनेप्रमाणं निकाल लावलाय, आम्ही हात घालणार नाही. कायद्यानं प्रश्न तिथं संपला.

कृष्णाकाठ

कायद्यानं संपला म्हणजे न्याय झाला असं नाही वकीलसाहेब. त्याच निकालात जस्टिस हार्लननं विरोधी मत दिलंय ते का गाळलंत? हार्लन स्वतः केंटकीचा, १८७१ आणि १८७५ ला गव्हर्नरची निवडणूक लढून हरलेला, त्याला त्या राज्याची नस ठाऊक होती.

आणि घटनेचं म्हणाल तर १८९० च्या घटना परिषदेत गोबेल स्वतः सदस्य होता. रेल्वे कमिशन घटनेतच घालून घेतलं त्यानं, म्हणजे पुढच्या विधिमंडळाला सहज मोडता येऊ नये. हे त्याचं काम चांगलं होतं, मान्य करतो. पण सगळे नियम आपल्या हातानं लिहायची त्याची सवय तिथूनची आहे.

साधा_वकील

हार्लन रिपब्लिकन म्हणून लढला होता हे सांगायचं राहिलं तुमचं. त्याचं मत मी वाचलंय, जोरदार आहे, पण ते अल्पमत आहे.

छापखाना

मी राजकारणात पडत नाही, पण एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. ह्या निवडणुकीत डेमोक्रॅटांची एक तक्रार होती की कित्येक काउंट्यांत मतपत्रिका इतक्या पातळ कागदावर छापल्या की मत कुणाला दिलं ते मागून दिसायचं, म्हणून ती सगळी मतं रद्द करा. आणि दुसरी तक्रार नेल्सन काउंटीची, तिथं डब्ल्यू. एस. टेलरच्या जागी डब्ल्यू. पी. टेलर छापलं गेलं, म्हणून ती मतं टेलरची धरू नका.

आता माझं आयुष्य छपाईचे खिळे जुळवण्यात गेलं, ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर गेलं. एका अक्षराची चूक कशी होते ते ऐका. जुना मजकूर सोडताना खिळा भलत्या खणात पडतो, पुढच्या वेळी हात सवयीनं त्याच खणात जातो, बोटाला पी आणि एस मधला फरक कळत नाही. ती चूक प्रूफात पकडायची असते. प्रूफ कोण वाचतो? घाईत कुणीच नाही. मतदाराचा ह्यात काय दोष? त्यानं टेलरला मत दिलं, काउंटीत दुसरा टेलर उभा होता का? ती मतं रद्द करा म्हणणं ही सरळ सरळ लबाडी आहे.

आणि पातळ कागद! स्वस्त कागद घेतला की मागून सावली दिसतेच, शाई जास्त झाली की आणखी. त्यात कारस्थान कसलं, बजेट असतं. मी पाहिलेल्या निम्म्या लग्नपत्रिका आरपार दिसायच्या.

खडू_फळा

छापखानाकाका, लग्नपत्रिकेतलं गुपित कुणी फोडत नाही, मतपत्रिकेतलं फोडतात. तीस वर्षं शिक्षिका होते, निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही कधी, कागदी मतपत्रिकांच्या काळापासून. कागद पातळ असला की पेटीजवळ बसलेला माणूस नुसता बघून ओळखतो, आणि गावात बाहेर कोण उभं असतं ते मी सांगायला नको. केंटकीत तर १८९१ ची घटना येईपर्यंत राज्याच्या निवडणुकीत मत तोंडानं मोठ्यांदा सांगायची पद्धत होती. म्हणजे गुप्त मतदान तिथं जेमतेम आठ वर्षांचं. ज्या कुळाला, मजुराला आता कुठं मालकाच्या नजरेआड मत द्यायला मिळायला लागलं त्याच्या हातात आरपार दिसणारा कागद द्यायचा आणि वर बजेट म्हणायचं?

छापखाना

बाई, मी कागदाबद्दल बोललो, मालकाबद्दल नाही. घडी घातली की चार पदर होतात, चार पदरांतून काही दिसत नाही. तुम्ही कधी कागद उजेडाला धरून बघितलाय का?

खडू_फळा

हो, बघितलाय, आणि घडी तुम्ही मला शिकवू नका. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट सांगायचे, मतदाराला सांगा की आधी उभी घडी, मग आडवी. का? आधी आडवी घातली तर ओली शाई खालच्या उमेदवाराच्या चिन्हावर उमटते आणि मोजणीला भांडण. म्हणून तर शिक्का तसा बाणांच्या फुलीचा केलेला, घडीनं उमटलेला ठसा उलटा फिरलेला दिसतो, खरा कुठला आणि डाग कुठला हे टेबलावर ओळखता येतं. इतका विचार करावा लागतो एका कागदामागं. म्हातारी माणसं घाबरून कागद मुठीत चुरगळायची, मी त्यांना पेटीशी उभं राहून हातवारे करून दाखवलंय, हात लावायची परवानगी नसायची ना.

आणि हे करून आल्यावर रात्री दोनला पेट्या जमा करायच्या, जेवण नाही, बायकांची सोय नाही, दुसऱ्या दिवशी शाळा आहेच. ह्यावर कुणी धागा काढत नाही.

छापखाना

ड्यूटीचे हाल मान्य. उलट्या ठशाचं मला माहीत नव्हतं, चांगली गोष्ट सांगितलीत. तरी माझं म्हणणं कायम, पातळ कागद ही मतदाराची चूक नाही, त्याचं मत फेकून देता येणार नाही. गुप्तता मोडली म्हणून ज्याची मोडली त्यालाच शिक्षा?

खडू_फळा

ह्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण छापणाऱ्याला मी सोडणार नाही.

तिसरी_पाळी

बघा, दोघांच्या बोलण्यातूनच निघालं की तक्रारी खोट्या नव्हत्या. कागद पातळ होता, नाव चुकलं होतं, शिपाई रस्त्यावर होते. अशा निवडणुकीचा निकाल कुणीतरी तपासायलाच हवा होता.

नदीपलीकडे

मी सिनसिनाटीत राहतो, नदी ओलांडली की कव्हिंग्टन, म्हणजे गोबेलचं गाव. तिथं त्याच्या नावाचा पार्क आहे, घड्याळाचा मनोरा आहे, पोरं सायकली फिरवतात, बहुतेकांना तो कोण होता ते माहीत नाही. फ्रँकफर्टला जुन्या विधानभवनासमोर त्याचा पुतळा आहे.

पण कव्हिंग्टनमधलीच एक गोष्ट तिसरी_पाळी यांनी सांगितली नाही. एप्रिल १८९५ मध्ये ह्याच गावात बँकेच्या दारात गोबेलनं जॉन सॅनफर्ड नावाच्या बँकरला गोळी घालून मारलंय. रस्त्यावरच्या टोलवरून वैर होतं, गोबेलनं टोल काढून लोकांचा फायदा केला आणि सॅनफर्डचं नुकसान, हे खरं. पण त्याआधी गोबेलनं पेपरात त्याच्याबद्दल गुप्तरोगावरून इतकं घाणेरडं छापलं की इथं लिहिता येणार नाही. दोघांनी पिस्तुलं काढली, सॅनफर्ड मेला, गोबेल स्वसंरक्षण म्हणून सुटला. केंटकीत द्वंद्वयुद्ध खेळलेल्याला पद घेता येत नाही, आजही शपथ घेताना "मी द्वंद्व खेळलेलो नाही" म्हणावं लागतं. चार वर्षांत हाच माणूस गव्हर्नरसाठी उभा.

आणखी एक. रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसवणारा १८९२ चा कायदा होता, गोबेलनं प्रचारात त्याला पाठिंबा दिला. "सामान्य जनतेचा" नेता म्हणताना त्या जनतेत कोण धरायचं ते ठरवा. माझ्या मुलीच्या वर्गात आज ज्यांची पणतवंडं बसतात त्यांना त्या डब्यात कोंबलं जायचं, त्यामुळं मला हे जुनं वाटत नाही.

तिसरी_पाळी

डब्याच्या कायद्यावर मी गोबेलचा बचाव करणार नाही. तो डाग आहे. बस.

सॅनफर्डचं मात्र एकतर्फी सांगताय, समोरच्याच्याही हातात पिस्तूल होतं. आणि तुम्ही सगळे २५ जानेवारीवर गप्प का? डोंगराळ भागातून हजारभर हत्यारबंद माणसं फ्रँकफर्टमध्ये उतरली, कुठल्या गाडीनं आली? एल अँड एनच्या. विधिमंडळ वाद ऐकत असताना राजधानीत बंदुका घेऊन हजार माणसं उतरवायची आणि पाच दिवसांनी गोबेलला सरकारी इमारतीच्या खिडकीतून गोळी लागते. ती इमारत टेलरच्या सरकारची. खिडकी सेक्रेटरी ऑफ स्टेट केलेब पॉवर्सच्या हापिसाची. टेलरनं मग काय केलं, तर मिलिशिया लावून आमदारांना विधानभवनात शिरू दिलं नाही आणि अधिवेशन लंडन नावाच्या रिपब्लिकन गावात हलवायचा हुकूम काढला. गोबेलला विजयी ठरवायला आमदारांना हॉटेलात बसून मतदान करावं लागलं. ३१ ला गोबेलला अंथरुणावर शपथ दिली, ३ फेब्रुवारीला गेला तो.

निवडणूक जिंकलेला माणूस असं वागतो? आणि शेवटी टेलर पळाला कुठं, शेजारच्या इंडियाना राज्यात. तिथल्या गव्हर्नरनं त्याला परत पाठवलं नाही.

कृष्णाकाठ

पळाला कारण इथं राहिला असता तर काय झालं असतं ते पॉवर्सचं बघा की. तीनदा दोषी ठरवला, वरच्या कोर्टानं निकाल परत परत उलटवले, चौथ्यांदा ज्यूरीचं एकमत होईना. खटला चालवणारा न्यायाधीश गोबेलच्या गटातला. विधिमंडळानं ह्या तपासासाठी एक लाख डॉलर बाजूला काढले, १९०० सालचे एक लाख, मग साक्षीदारांना काय काय आठवायला लागलं ते बघा. पॉवर्सला १९०८ मध्ये माफी मिळाली आणि पुढं त्याच केंटकीतल्या लोकांनी त्याला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून पाठवला. गोळी नक्की कुणी झाडली हे आजही खात्रीनं कुणी सांगू शकत नाही.

हजार माणसांचं मात्र तुमचं बरोबर आहे. ती आणणाऱ्यांची मी बाजू घेणार नाही, आणि विधानभवनाला शिपायांचा वेढा घालणं तर त्याहून वाईट. टेलर जिंकला होता आणि तरीही जिंकलेल्या माणसासारखा वागला नाही, एवढं तुम्हाला देतो.

तिसरी_पाळी

एवढं दिलंत ते घेतो. मग माझ्याकडून हे घ्या, की गोबेलचा निवडणूक कायदा वाईट होता. त्याच्या जागी आलेल्या बेकहॅमनं १९०० मध्येच खास अधिवेशन बोलावून तो बदलला, स्वतःच्या पक्षाच्या लोकांनीच बदलला, आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत बेकहॅम चार हजारांच्या आतल्या फरकानं का होईना, पण मतांनी निवडून आला. म्हणजे लोक डेमोक्रॅटांबरोबर होते.

कृष्णाकाठ

लोक कायदा बदलल्यावर बरोबर आले! हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय. आणि १८९९ ला पक्षातले १२ हजार लोक वेगळा उभा राहिलेल्या माजी गव्हर्नर ब्राउनच्या मागं गेले ते ह्या कायद्यापायी आणि लुइव्हिलच्या म्युझिक हॉलमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवायच्या अधिवेशनात जे झालं त्यापायी. तिथं उमेदवारी मागणाऱ्या स्टोनशी करार करून गोबेलनं दुसऱ्या इच्छुकाला, हार्डिनला, बाजूला काढलं आणि काम झाल्यावर स्टोनलाच फसवलं. ते १२ हजार गोबेलकडं राहिले असते तर ना पातळ कागद निघाला असता ना डब्ल्यू. पी. टेलर.

साधा_वकील

ब्राउनच्या मागं रेल्वेचा पैसा होता हा आरोप तेव्हाही झाला होता.

कृष्णाकाठ

आरोप झाला होता, हो. स्टोनला रेल्वेनं फसवलं नव्हतं.

नदीपलीकडे

निवडणूक मंडळाच्या निकालानंतर गोबेल स्वतः वाद न घालता घरी जायला तयार होता, पक्षाच्या नेत्यांनी त्याला मागं ओढलं, हेही लिहा कुणीतरी. मला तो माणूस आवडत नाही, पण हे त्याच्या बाजूचं आहे आणि खरं आहे.

तिसरी_पाळी

धन्यवाद. हे माझ्या लेखात यायला हवं होतं, आज भर घालतो. "जनतेनं निवडून दिलेला" हे शब्द मात्र मी काढणार नाही.

कृष्णाकाठ

मग निदान त्याच्या शेजारी २,३८३ हा आकडा लिहा, आणि तो कुणाच्या मंडळानं दिला तेही.

खडू_फळा

आणि लिहिताय तर पातळ कागदाचंही लिहा. छापखानाकाका, त्या मतपत्रिका नक्की किती पातळ असतील असं तुम्हाला वाटतं? टाइपरायटरच्या कार्बन कॉपीला लागायचा त्या बँक पेपरइतक्या?

छापखाना

तितका पातळ असेल तर बाई, मी तुमच्या बाजूनं येतो. बँक पेपरवर ठळक खूण केली तर दोन पदरांतूनही दिसते. चार पदरांचं उद्या करून बघतो, थोडा शिल्लक आहे माझ्याकडं.